गुडघ्यातला सूर्य

"नडगी म्हणजे नडगी! किती वेळा सांगू? सूर्य अजून नडगीत आहे, गुडघ्याला शिवलेलासुद्धा नाही!"

"डोळे कापून आलास ना खोरोगला जाऊन? मग वापर की ते! दोन दिवस झाले गुडघ्यात येऊन. वाटीवर मांडी घालून बसलाय!"

"तुझ्या गुडघ्यात बसला असेल. तरीच म्हटलं, लंगडतोस का."

ओढ्याच्या अलीकडे नडगीवाला कदमशो, पलीकडे गुडघेवाला सबझाली. ओढा जेमतेम एका उडीचा, पण दोघंही पासष्टी ओलांडलेले, त्यामुळे उडी मारून गचांडी धरायची सोय नव्हती. फळ्यांचा पूल होता, पण त्यावर ती भूगोलवाली बाई फोन समोर धरून उभी होती. म्हणून दोघं आपापल्या काठावरून ओरडत होते, आणि ओढा त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होता म्हणून आणखी ओरडत होते.

भांडण सूर्यावरून. शोरदेह गावात भांडायला दुसरं आहे तरी काय? अर्धे बाप्ये रशियात भिंतींना रंग देतात. मागे उरले म्हातारे, बायका, बैल आणि डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखी चिकटवलेली चार-चार हाताची शेतं. आणि सूर्य. तो इथे माणसाच्या अंगावर मोजतात. थंडी सरायला लागली की तो पायाच्या नखात शिरतो. मग तीन दिवस पाऊल, तीन दिवस घोटा, तीन दिवस नडगी, असा चढत जातो. गुडघ्यात आला की नांगर. मांडीत आला की बी. छातीत आला की जर्दाळू फुलतात, टाळूवर पोचला की उन्हाळा. तिथे जरा दम खाऊन परत खाली उतरतो.

प्रत्येकाच्या फोनमध्ये तारीख असते, नाही असं नाही. पण ती तारीख अख्ख्या देशाची. त्या तारखेला दुशान्बेत लोक बाह्या वर करून आईस्क्रीम खात फिरतात आणि इथे बादलीतल्या पाण्यावर सायीसारखा बर्फ धरलेला असतो. तारखेला काय कळतंय डोंबल!

तर सूर्य मोजायला माणूस लागतो. त्याला हिशेबदार म्हणतात. वरवाडीचा हिशेबदार कदमशो, खालवाडीचा सबझाली. दोघांच्या वाड्यांमध्ये अंतर किती, तर ओरडलं की ऐकू जाईल एवढं. पण सूर्य वेगळा. पाच वर्षांपूर्वी, मोठ्या बर्फाच्या साली, सबझालीने गुडघा पुकारला, खालवाडीने नांगरलं, पेरलं, आणि सगळे जव जमिनीतच गारठून मेले. कदमशोने चार दिवस उशिरा पुकारलं. वरवाडीचे जव कमरेला लागले. तेव्हापासून खालवाडीची माणसंसुद्धा अंधार पडल्यावर गुपचूप विचारायला यायची, कदमशोचा सूर्य कुठे पोचला म्हणून. सबझालीला हे माहीत होतं. त्यात त्याची बायकोपण होती, हेही माहीत होतं.

"एक मिनिट, बोबो," पुलावरची बाई म्हणाली. बोबो म्हणजे आजोबा. तिचं नाव निगोरा. खोरोगच्या कॉलेजात भूगोल शिकवते आणि या दऱ्याखोऱ्यांच्या भूगोलाचं पुस्तक लिहितेय, म्हणून बेचाळीस प्रश्नांचा एक कागद घेऊन जीपने आली होती. शाळेच्या पुस्तकात आमच्याबद्दल एवढंच असतं की पामीर म्हणजे जगाचं छप्पर. छपरावर राहणाऱ्याला कधी कुणी विचारलंय का, गळतं कुठून? निगोरा निदान विचारायला तरी आली होती.

"प्रश्न सातवा," ती म्हणाली. "इथले लोक निसर्गाशी कसं जुळवून घेतात?"

"जुळवून कोण घेतं?" कदमशो अजून तापलेलाच होता. "भांडतो आम्ही. निसर्गाशी आणि ह्याच्याशी. निसर्ग निदान अधूनमधून गप्प बसतो."

निगोराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खूश झाली. मग म्हणाली, "असं करूया का? उद्या सकाळी सूर्य वर येताना मी तुमच्या सूर्य मोजायच्या दगडाजवळ येते. होकायंत्र आहे माझ्याकडे. कुठल्या खुणेवर नडगी, कुठल्या खुणेवर गुडघा, तुम्ही बोटाने दाखवा, मी फोटो काढते. पुस्तकात नावासकट छापू. भांडणच मिटेल."

कदमशोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"झकास!" पलीकडून सबझाली ओरडला. "मीपण येतो. सगळ्या खालवाडीला घेऊन येतो. चहात लोणी जास्त घाल म्हणावं वहिनीला!"

कदमशो घराकडे वळला. चालताना पाय असे पडत होते, जणू रस्ताच कुणीतरी बदलून ठेवलाय.

आता त्याला एवढा घाम का फुटावा, ते ऐका. आठ वर्षं त्याच्या दोन्ही डोळ्यांवर हळूहळू मोतीबिंदू चढत होता. त्याने कुणाला सांगितलं नाही. हिशेबदाराला दिसत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? शेवटी यंदाच्या हिवाळ्यात तो भिंतीला सलाम करायला लागला, तेव्हा बायकोने, शरीफमोने, त्याला ओढत खोरोगला नेलं. डॉक्टरने डोळे साफ केले, काळा चष्मा दिला आणि म्हणाला, दहा दिवस काढायचा नाही. दहावा दिवस आज होता.

आज सकाळी, भांडणाच्या आधी, तो अंगणातल्या दगडावर जाऊन बसला. हा दगड त्याच्या बापाचा, बापाच्या बापाचा. बसून बसून मधे खोलगट झालेला, त्यात ढुंगण एकाच जागी बसतं, त्यामुळे डोकंही दर वेळी बरोबर तिथेच येतं. त्यावरूनच खुणा लागतात, दुसरीकडून नाही. समोर पूर्वेचा कडा. त्यावर उंटाच्या कुबडासारखा एक खडक. उन्हाळ्याकडे जाताना सूर्य रोज थोडा थोडा उजवीकडून डावीकडे सरकत उगवतो. कुबडाला टेकला की गुडघा. बापाने लहानपणी त्याला याच दगडावर उभं करून, बोट नडगीवरून वर नेत गुडघ्यावर टेकवलं होतं आणि म्हणाला होता, "आज इथे." ते बोट अजून त्याला तिथे लागतं.

त्याने चष्मा काढला. कडा असा लख्ख दिसला की त्याला रडूच यायला लागलं. आणि मग त्याला कुबडावर कोंबडी दिसली.

त्याने डोळे मिटले, परत उघडले. कोंबडी तिथेच. साडेचार हजार मीटरवर कोंबडी काय करतेय? एवढी मोठी कशी दिसतेय? कोंबडीने मान खाली घातली, कुबडातून एक काडी ओढून काढली आणि पंख फडफडवत खाली उतरली.

ते कुबड नव्हतंच. ती शेजारच्या दवलतमोच्या धाब्यावरची, म्हणजे सपाट छपरावरची, गवताची गंजी होती. दवलतमोचं घर वरच्या पायरीवर, त्यामुळे तिचं धाबं बरोबर कड्याच्या रेषेत येतं. आणि खरं कुबड? ते गंजीच्या उजवीकडे, दोन बोटं सोडून, दगडासारखा दगड होऊन शांत उभं होतं. सूर्य त्याला टेकून पुढेही सरकला होता. म्हणजे गुडघा कालच लागला होता. म्हणजे सबझाली बरोबर होता. म्हणजे आठ वर्षं वरवाडीने नांगर जुंपला तो दवलतमोच्या गवतावर.

आणि एवढं कळल्यावर हा बाबा ओढ्यावर गेला आणि सबझालीने "गुडघा" म्हणताच तोंडातून आपोआप निघालं, "नडगी!" काही काही माणसांच्या जिभेला डोळे नसतात.

घरी शरीफमो शीरचोय ढवळत बसली होती. दूध, मीठ, लोणी घातलेला चहा. तिने एक वाडगा त्याच्यासमोर सरकवला.

"काय झालं? सबझालीने मारलं की काय?"

"उद्या सगळे इथे येणारेत. खूण बघायला."

"मग दाखवा की. आता तर दिसतंय."

"अगं, दिसतंय म्हणूनच तर घोळ आहे!"

त्याने सगळं सांगितलं. शरीफमोने ढवळायचं थांबवलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग वाकडा झाला, मग ती चुलीकडे तोंड करून बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. कदमशोला वाटलं रडतेय. रडत नव्हती.

"हस, हस! आठ वर्षांची इज्जत चुलीत गेली, हस!"

"अहो, गंजीला नाही हसत." तिने डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसले. "दवलतमो मला तीन वर्षांपूर्वी म्हणाली होती, तुझा नवरा रोज सकाळी माझ्या घराकडे टक लावून बसतो, जरा बघ. मी तिच्याशी सहा महिने बोलत नव्हते!"

कदमशो चहा न पिताच उठला.

दवलतमो विधवा, तोंडाने तिखट, हाताने मोकळी. ती धाब्यावर गवत उपसत होती. कदमशो खाली उभा राहून खाकरला.

"काय हो हिशेबदार? डोळे आले म्हणे नवे. आता तरी इकडे बघायचं सोडाल असं वाटलं होतं."

"मी तुझ्याकडे बघत नव्हतो गं."

"मग कोणाकडे? माझ्या कोंबडीकडे?"

"...गवताकडे."

दवलतमोचा हात थांबला. बाईच ती, तिला हे लागलंच थोडं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग कमरेवर हात ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं. तिने हसायला सुरुवात केली असती, पण मधेच तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"थांबा हो. हे गवत मी कुठून उपसते?"

"मला काय माहीत?"

"उजवीकडून. जिना तिकडे आहे ना. गाय जेवढं खाते तेवढी गंजी उजवीकडून मागे सरकते. मग तुमचा सूर्य पोचायला आणखी उशीर."

"हो, मग?"

"मग काय मग! गाय जास्त कधी खाते? थंडी लांबली की. बाहेर चरायला काही नसतं, गोठ्यात बसून खात राहते. मोठ्या बर्फाच्या साली आठवतं का? गंजी संपायलाच आली होती, मी उसनं मागत फिरत होते. त्या साली तुम्ही चार दिवस उशिरा पुकारलं आणि आपले जव वाचले."

कदमशो तिच्याकडे बघत राहिला. या वेळी खरंच तिच्याकडे.

"यंदा कितपत खाल्लंय?" त्याने हळूच विचारलं.

"यंदा?" दवलतमोने गंजीवर हात मारला. अर्ध्याहून जास्त उडाली होती. "यंदा राक्षसासारखी खाल्लीय."

तिथून तो सरळ सगळ्यात वरच्या शेतावर गेला. बायकांनी परवाच तिथल्या बर्फावर चुलीतली राख फेकली होती. काळं झालं की ऊन चिकटतं आणि बर्फ लवकर जातो. वरून माती मोकळी दिसत होती, काळीभोर, वाफ येईल अशी. कदमशोने कुदळ घातली. एक वीत आत गेली आणि ठण्ण वाजली. आणखी दोन ठिकाणी खणलं. ठण्ण. ठण्ण. खाली सगळा दगडासारखा बर्फ.

मग तो बांधावर बसला. उद्या खरं बोलला, गुडघा म्हणाला, तर वरवाडी दुपारीच नांगर जुंपणार, कारण हिशेबदार बोलला की कुणी माती उकरून बघत नाही. बी त्या बर्फावर पडणार आणि मरणार. खालवाडीचं पाच वर्षांपूर्वी मेलं तसंच. नडगी म्हणाला तर जव वाचतील, पण मग बोट कशावर ठेवणार? कोंबडीवर? दुसरा कुणी असता तर आजारी पडला असता. कदमशोनेही विचार केला आजारी पडायचा. पण नुकताच आजारातून उठला होता, लोकांनी विश्वास ठेवला नसता.

सकाळी अंगणात जत्रा भरली. वरवाडी होतीच, खालवाडीही पूल ओलांडून आली होती. सबझाली सगळ्यांत पुढे, नवी टोपी घालून, जणू लग्नाला. शरीफमो वाडगे वाटत होती आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. निगोराने दगडाशेजारी तिपाई रोवली, वर होकायंत्र ठेवलं.

"लोणी कमी आहे," सबझाली म्हणाला.

"तुझ्या तोंडाला कमीच पडणार," शरीफमो म्हणाली.

कदमशो दगडावर बसला. कड्यामागे उजळत गेलं. मग सूर्याची एक टिकली बाहेर आली, खऱ्या कुबडाच्या डावीकडे आणि गंजीच्या उजवीकडे, अगदी मधे.

"हं, बोबो," निगोरा म्हणाली. "कुठे आहे आता?"

सबझालीने वाडगा खाली ठेवला आणि भांडायला छाती भरून घेतली.

"सबझाली खरं बोलतोय," कदमशो म्हणाला. "गुडघा आहे. परवापासून."

सबझालीची भरलेली छाती तशीच राहिली. आता ती सोडायची कुठे, हे त्याला कळेना. तो खोकायला लागला. दोघातिघांनी पाठीवर थापा मारल्या. तोवर वरवाडीतला एक जण म्हणालासुद्धा, "चला रे, बैल काढा!"

"बसा खाली!" कदमशो इतक्या जोरात ओरडला की कोंबडी गंजीवरून उडाली. "कोणी बैल काढायचा नाही. जमीन वीतभर खाली गोठलेली आहे. मी काल खणून बघितली."

"अरे पण गुडघा लागला ना?"

"लागला. पण मी तुम्हाला आठ वर्षं गुडघा दाखवलाच नाही. मला दिसत नव्हतं." त्याला वाटलं होतं सांगताना आवाज फुटेल, पण फुटला नाही, उलट रागच आला. "ते बघा, ते खरं कुबड. आणि ते, ते मी आठ वर्षं कुबड समजून बघत होतो. ते दवलतमोचं गवत आहे. झालं? आता हसा."

क्षणभर कुणी हसलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. मग सगळे एकदम माना वळवून धाब्याकडे बघायला लागले. मग एक म्हातारी फुसकन् हसली आणि मग काही विचारू नका. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. खालवाडीचे तर जमिनीवर बसले. निगोरानेही तोंडावर कागद धरला, बेचाळीस प्रश्नांचा.

"हसू नका!" दवलतमो पुढे आली. तिने गाय, जिना, उजवी बाजू, थंडी, सगळं एका दमात सांगितलं. हातवारे असे, जणू कोर्टात उभी आहे. सगळ्यांत आधी निगोराचं हसू थांबलं. तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहायला लागली. एकदा वर बघून तिने विचारलं, "गाय दिवसाला किती पेंढ्या खाते?" दवलतमो म्हणाली, "तुम्ही खायला घालणार असाल तर सांगते."

सबझाली मात्र आता हसत नव्हता.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "त्या साली माझे जव मेले, कारण मला बरोबर दिसत होतं?"

"तसंच काहीसं," कदमशो म्हणाला.

"आणि तुझे वाचले, कारण तू आंधळा होतास?"

"आंधळा नव्हतो. गाईच्या भरवशावर होतो."

सबझालीने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. पाच वर्षांचा राग कुठे ठेवायचा, हे त्याला सुचत नव्हतं. कदमशोवर ठेवावा तर तो स्वतःच सगळं ओकून मोकळा झालेला. गाईवर ठेवावा तर गाय ती गाय.

"मी काही हिशेबदार नाही आता," कदमशो दगडावरून उठला. "दुसरा बघा कोणीतरी. डोळे चांगले असलेला."

आता खरी पंचाईत झाली. सगळे खाली बघायला लागले. रोज उजाडायच्या आत उठून त्या गार दगडावर बसायचं, थंडीत, वाऱ्यात, वर्षानुवर्षं, त्याचे पैसे नाहीत की काही नाही, वर चुकलं तर शिव्या. एकाचं गुडघ्याचं दुखणं निघालं, दुसऱ्याला पुढच्या महिन्यात मॉस्कोला जायचं होतं. सबझाली म्हणाला, मी बघतो वरवाडीचंही. त्यावर वरवाडी एकमुखाने "नको!" म्हणून ओरडली. मग कुणीतरी चहा मागितला. ठरलं काहीच नाही. चहा संपला आणि माणसं पांगली.

कदमशोने मात्र आपल्यापुरतं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो दगडाकडे फिरकला नाही. उजाडताना जाग आली, सवयच ती, पण तो आढ्याकडे बघत पडून राहिला. बाहेर जायची त्याला लाज वाटत होती. सगळा गाव दवलतमोच्या गाईला "सलाम, हिशेबदार!" म्हणत होता. बायका तिच्यासाठी भाकरीचे तुकडे आणत होत्या. दवलतमो वैतागून शरीफमोला म्हणाली, एवढी माणसं बघून गाय दूध चोरायला लागलीय.

पण एक गोष्ट कदमशोला माहीत नव्हती. त्या दिवसापासून दवलतमोने गंजीला हात लावला नव्हता. आता खूण आहे ना ती, मग सूर्य पोचायच्या आत हलून कशी चालेल? मग गाईने खायचं काय? तर वरवाडीतल्या घराघरातून पेंढी पेंढी यायला लागली. निगोराने समजावून बघितलं. म्हणाली, अहो, असं केलंत तर त्या खुणेला काही अर्थच उरत नाही, गाय खाते म्हणून तर ती बरोबर येते. दवलतमो म्हणाली, बाई, तुम्ही लिहा, खुणेचं आम्ही बघतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पूल ओलांडून एक गाढव आलं, पाठीवर दोन भारे गवत. सोबत माणूस नव्हता. गाढव सबझालीचं होतं. त्याच्या नांगराचा फाळही अजून भिंतीला टेकूनच होता, असं पुलावरून येणारे जाणारे सांगत होते.

चौथ्या दिवशी सकाळी निगोराची जीप निघायची होती. ती कागद घेऊन कदमशोच्या दारात आली. शरीफमो घरात नव्हती.

"थोडे रकाने राहिलेत, बोबो. गावाचं नाव झालं. वय?"

"सहासष्ट."

"शिक्षण?"

"सात यत्ता. आठवीत भूगोलात नापास."

निगोराने हसू गिळलं. "व्यवसाय?"

खाली रस्त्यावर जीपवाल्याने भोंगा वाजवला.

"व्यवसाय, बोबो? हिशेबदार लिहू?"

"नका लिहू."

"मग पेन्शनर?"

"थांबा जरा." त्याला काहीतरी वेगळं वाटत होतं. गावात आवाज नव्हता. सकाळच्या या वेळी कुत्री, बायका, बादल्या, काहीतरी वाजतंच. तो अंगणात आला. समोर सूर्य गंजीला टेकून नुकताच वर आला होता. निगोरा कागद घेऊन मागे.

वरच्या शेतात सगळी वरवाडी बसली होती. बांधावर, दगडांवर, रांगेत, लग्नाच्या पंगतीला बसावी तशी. बायका, म्हातारे, मॉस्कोला जाणारा तोसुद्धा. शरीफमो त्यांच्यात होती, कपाळावर हात आडवा धरून इकडेच बघत. एका टोकाला, जरा अंतर ठेवून, खालवाडीचेही आठ-दहा जण होते. मधे काळ्या मातीत दोन बैल जुंपलेले उभे. नांगर आडवा पडलेला. इतक्या माणसांतलं कुणी त्याच्या जवळ गेलं नव्हतं, कारण पहिला तास, म्हणजे नांगराची पहिली रेघ, हिशेबदाराने मारायचा असतो. तो मारेपर्यंत दुसऱ्या कुणी मुठीला हात लावत नाही.

बैलांच्या नाकातून वाफ येत होती. डावा बैल पाय बदलत होता.

कदमशोने पायातले रबरी बूट नीट ओढून घेतले. टोपी चाचपली. मग दाराआडची काठी घेतली.

"बोबो, एवढा एकच रकाना," निगोरा म्हणाली. "काय लिहू?"

"राहू द्या तसाच," तो म्हणाला. "बैल कधीचे उभे आहेत. मला आता निघायला हवं."